दिशा नसलेली खोली

आमच्या नात्यात आणि सोसायटीत माझी ओळख ‘मॉड्युलरवाल्या बाई’ अशी आहे. मॉड्युलर हा शब्द आपल्याकडे किचनखेरीज कशालाच लागत नाही, त्यामुळे निम्म्या नातेवाइकांनी मला आजवर ट्रॉल्यांबद्दल सल्ला विचारला आहे. मी दवाखान्याच्या खोल्या करते, असं सांगितलं की समोरचा माणूस सभ्यपणे मान हलवतो आणि विचारतो, ‘मग चमच्यांची ट्रॉली शेगडीखाली घ्यावी की शेजारी?’ नोकरीच्या शेवटी शेवटी मी वाद घालणं सोडून उत्तर द्यायला लागले. शेजारी घ्यावी.

आता निवृत्त झाले आहे आणि या अंकाच्या संपादकांनी धंद्यातलं काहीतरी लिहा म्हणून गळ घातली आहे, तर एकदाचं नीट सांगून टाकते. अंबडच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. मालक नगरकर साहेब. मूळ धंदा इलेक्ट्रिक पॅनेलचा, म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावर स्विच आणि फ्यूज बसवलेली जी राखाडी पत्र्याची कपाटं असतात, त्यांचा. त्या कपाटांची डिझाइनं मी करायची. करोनाच्या काळात साहेबांना कुणीतरी विचारलं, की एवढी मोठी कपाटं करता तर माणूस मावेल असं एखादं होईल का? साहेबांना ‘नाही’ म्हणता येत नाही, हा त्यांचा गुणही आहे आणि आजारही. साथीत आम्ही तपासणीच्या केबिनी केल्या. साथ ओसरली, पण मागणी ओसरली नाही. मग लसीकरणाच्या खोल्या झाल्या, बाळंतपणाच्या खोल्या झाल्या, आणि मी कपाटांतून दवाखान्यात आले.

काम समजायला सोपं आहे. आधी अख्खी खोली कॉम्प्युटरवर उभी करायची, अगदी शेवटच्या स्क्रूपर्यंत. नळ कुठे, प्लग कुठे, स्ट्रेचर वळेल का, नर्सचा हात पोचेल का, हे सगळं तिथेच भांडून घ्यायचं. मग तीच फाइल लेझर कटिंगच्या मशीनला द्यायची, की पत्रा हव्या त्या मापात आणि हव्या त्या भोकांसकट कापून मिळतो. दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरला की भिंतीचा एक तुकडा तयार झाला. आमची खुबी अशी, की भिंतीचे सगळे तुकडे एकाच रुंदीचे. खिडकीचा तुकडा काढून तिथे बेसिनचा बसवा, बेसिनचा काढून दाराचा बसवा, खोली तक्रार करत नाही. कोपरे गोल ठेवायचे, म्हणजे धूळ बसत नाही आणि पुसणाऱ्या मावशींची चिडचिड होत नाही. बारीकसारीक वस्तू, म्हणजे नळी अडकवायची पकड वगैरे, थ्रीडी प्रिंटरवर करून बघायच्या. गावात विटा पडून सिमेंट कालवेपर्यंत आमची खोली अर्ध्या अर्ध्या भागांत ट्रेलरवरून येते, क्रेनने आधीच बांधून ठेवलेल्या ओट्यावर बसते आणि संध्याकाळी आत दिवा लागतो.

गिऱ्हाईक आलं की पहिलं काम एकच करतं. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक वाजवतं. सरपंच असो की सर्जन, कलिंगड घेताना वाजवावं तसं वाजवतो आणि म्हणतो, ‘पोकळ आहे.’ साहेबांचं ठरलेलं उत्तर असे, ‘साहेब, तुमचा फ्रीजपण पोकळ आहे, म्हणून तर दूध टिकतं.’ एका सरपंचांनी लसीकरणाची खोली बघून ग्रामपंचायतीला तशीच एक मागितली. एसी असेल तर सभेला सदस्य येतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

घोटीच्या एका डॉक्टरांना स्वतःच्या दवाखान्यासाठी खोली हवी होती. ते वास्तुशास्त्रवाल्या गृहस्थांना घेऊन थेट कारखान्यात आले. गृहस्थांनी खिशातून होकायंत्र काढलं. आमच्या शेडमध्ये चहूबाजूंना पोलादी पत्र्याचे ढीग. काटा जो भिरभिरला तो थांबेचना. गृहस्थ कधी वेल्डिंगकडे तोंड करून उभे, कधी संडासाकडे. शेवटी मीच म्हटलं, ‘अहो, हिला दिशा नाही. तुम्ही ठेवाल तिकडे हिचं तोंड.’ हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ते ऐकवायची. साहेबांनी ते माहितीपत्रकावर छापलं: हवी तिथे ठेवा, हवी तशी फिरवा, हवी तेव्हा हलवा.

आता मुख्य गोष्ट. बागलाणात नामपूरच्या पुढे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथले डॉक्टर अजून नोकरीत आहेत आणि मला ते आवडतात. त्या गावच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात डायलिसिसची खोली बसवायचं काम आम्हाला मिळालं. किडन्या निकामी झाल्या की रक्त मशीनमधून फिरवून साफ करून घ्यावं लागतं. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, हलायचं नाही. त्या भागातल्या पेशंटना याच्यासाठी नाशिकला यावं लागे. पहाटेची एसटी, सटाण्याला बदलायची, चार तास मशीनला, आणि परत तोच रस्ता.

ही खोली गावाला मिळाली ती इंदूबाईंच्या तोंडामुळे. इंदूबाई म्हणजे कांदा पिकवणाऱ्या घरातल्या, साठीच्या, अंगाने काडी आणि आवाजाने भोंगा, बोलणं सगळं अहिराणी. त्यांच्या स्वतःच्या किडन्या गेलेल्या. सून मनीषा त्यांना नाशिकला नेई-आणी. इंदूबाई एकदा चार बाया घेऊन तालुक्याच्या ऑफिसात जाऊन बसल्या आणि खोली मंजूर होईपर्यंत येऊन बसतच राहिल्या. तिथल्या लोकांनी कंटाळून मंजुरी दिली, असं डॉक्टर पगारे सांगतात.

डॉक्टर पगारे म्हणजे तिथले वैद्यकीय अधिकारी. तरुण, हुशार, आणि अंगाऱ्याधुपाऱ्याचं नाव काढलं की खवळणारे. खोलीच्या उद्घाटनाला कुणीतरी दाराला लिंबू-मिरची बांधली होती. डॉक्टरांनी ती सगळ्यांदेखत तोडली आणि पाहुणे ताटकळत असताना रक्तशुद्धी आणि विवेकबुद्धी या विषयावर छोटंसं भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या दिवसापासून त्यांच्यासमोर असलं काही बोलायचं नाही, हे गावाने मनाशी पक्कं केलं.

खोली देखणी झाली होती. चार खाटा, प्रत्येकीच्या उशाशी मशीन, मशीनच्या मागे भिंतीत शुद्ध पाण्याचा नळ, निचऱ्याचा पाइप आणि वीज. सगळं एका भिंतीत. कोरीव काम म्हणतात ते आम्ही पत्र्यात केलं होतं. सुरुवात झाली. चारही खाटांवर पेशंट आले, इंदूबाई पहिल्या. आणि एकेकदा येऊन चौघेही पुन्हा पहाटेच्या एसटीत जाऊन बसले.

मला फोन आला तो तिथल्या अहिरे सिस्टरचा. ‘मॅडम, पेशंट म्हणतात थंडी वाजते.’ मी गेले, एसीचा झोत खाटेवर येणार नाही अशी एक झडप प्रिंटरवर करून बसवली. पेशंट बघायला आले, ‘आता मस्त झालं’ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी नाशिकला गेले. मग म्हणाले वास येतो. आम्ही सांध्यांतला मसाला बदलला, दोन दिवस पंखे लावून खोली वाऱ्यावर ठेवली. मग दिवा डोळ्यांवर येतो. दिव्यांना पडदे केले. मग मशीन गुरगुरतं. मशीनखाली रबर घातलं. प्रत्येक वेळी कौतुक व्हायचं आणि खोली रिकामीच राहायची. आमच्या धंद्यातलं एक जुनं सत्य आहे, की गिऱ्हाईक जी तक्रार करतं ती क्वचितच खरी असते. पण खरी कोणती हे ते सांगत नाही, आणि आपण मात्र रबर घालत बसतो.

तेवढ्यात आरोग्य खात्याच्या वरच्या ऑफिसातल्या एका साहेबांचा नगरकर साहेबांना फोन आला. रिकामी खोली ठेवून काय करायचं, शेजारच्या तालुक्यात मागणी आहे, महिनाअखेरपर्यंत खाटा भरल्या नाहीत तर खोली उचलून तिकडे नेऊ. नगरकर साहेब काही बोलायच्या आत ते म्हणाले, ‘तुमच्याच कागदावर लिहिलंय ना, हवी तेव्हा हलवा? मग हलवा.’

साहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते वाक्य मी एकटीनेच छापलं होतं.

मी ठरवलं, इंदूबाईंना गाठायचं. त्या नाशिकच्या डायलिसिसनंतर जुन्या सीबीएस स्टँडवर सटाण्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या सापडल्या. मनीषा पाण्याची बाटली मोजूनमापून देत होती, कारण या आजारात पाणीसुद्धा बेताने प्यावं लागतं. मी त्यांच्याच गाडीत चढले. वाटभर इंदूबाई खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होत्या. चांदवड गेलं तेव्हा त्या उठून बसल्या.

‘तू ती पेटीवाली बाई ना?’

‘हो. तुमच्यासाठीच केली ती पेटी. तुम्हीच मागितलीत, आणि आता तुम्हीच येत नाही.’

‘थंडी वाजस.’

‘ती मी बंद केली.’

‘मंग वास येस.’

‘इंदूबाई, वास गेला, दिवा झाकला, मशीनचं तोंड बंद केलं. आता काय राहिलं?’

मनीषाने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच बाहेर पाहिलं. मग इंदूबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, ‘आठोडामा तीन दिन एस्टीना, तीन दिन आंगदुखीना. मना दिन कोनता, सांग.’

‘रविवार तरी असेल ना?’ मी चेष्टेने म्हटलं.

‘रविवारले पाव्हना येतस.’

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. ज्या बाईने स्वतःचा एक दिवस हवा म्हणून ऑफिसचे उंबरे झिजवले, ती बाई दारातली खोली सोडून असे हाल का काढते, हे मला कळत नव्हतं. आणि आता ती खोलीच जाणार होती, म्हणजे तिचे उरलेले सगळे दिवस या गाडीतच. मी ते त्यांना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘जाऊ दे. नशीब.’

मी त्या दिवशी परत फिरले नाही, त्यांच्याच गावी जाऊन मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात पोचले. डॉक्टर बाहेरगावी गेलेले, सिस्टर आतल्या वॉर्डात. डायलिसिसची खोली उघडून घेतली आणि ठरवलं, की पेशंटला काय होतं ते आपण स्वतः पडून बघावं. हे मी पहिल्यांदा खोली करतानाच करायला हवं होतं, पण खाट नवी होती आणि मी साडी इस्त्रीची नेसले होते. असो. मी आडवी झाले. थंडी नाही, वास नाही, दिवा नाही. थंडीचे दिवस, खिडकीतून छान ऊन येत होतं. आदल्या दिवशीच्या प्रवासाने अंग आंबलेलं. मला गाढ झोप लागली.

जाग आली ती सिस्टरच्या हसण्याने.

‘मॅडम, उशी तिकडे कशाला नेली? पाय मशीनकडे करून झोपलात.’

मी उठून बसले. खरंच, उशी खाटेच्या पायथ्याला होती. झोपण्याआधी मीच ती उचलून तिकडे नेली असणार. का नेली ते मला सिस्टरला सांगायचं होतं, म्हणून मी म्हणाले, ‘अगं, इकडून ऊन येतंय म्हणजे ही दक्षिण, मग पाय...’ आणि तिथेच थांबले.

आपल्याकडे परगावी कुणाकडे मुक्काम पडला, की अंथरूण घालण्याआधी यजमान सांगतात, ‘दक्षिण इकडे हं.’ कुणी कारण विचारत नाही. दक्षिण यमाची. माणूस गेला की त्याला दक्षिणेकडे पाय करून निजवतात, म्हणून जिवंतपणी तसं निजायचं नाही. मी देवधर्म फारसा करत नाही, घोटीच्या त्या होकायंत्रवाल्याला तर मी वर्षभर हसत होते. पण माझ्या हातांनी मला न विचारता उशी फिरवली होती. मला उशी फिरवता आली, कारण मला मशीनला जोडलेलं नव्हतं. पेशंटच्या हातातून मशीनपर्यंत नळ्या जातात. त्यांना डोकं भिंतीकडेच ठेवावं लागतं, आणि पाय दक्षिणेकडे. चार तास. आठवड्यातून तीनदा.

हे झालं कसं, ते मला तिथे बसल्या बसल्या उलगडलं. मूळ नकाशात नळांची भिंत दक्षिणेला होती. तेही आम्ही विचार करून केलेलं नव्हतं, योगायोगाने तसं आलं होतं. पण खोली बसवायच्या दिवशी आवारात विजेची तार आडवी आली, क्रेन पुढून घेता येईना, म्हणून ती मागून घेतली आणि खोली अर्धा फेरा फिरवून ओट्यावर ठेवली. मला फोन आला होता. मी म्हटलं, फिरवा की, काही फरक पडत नाही. कुठल्याही आर्किटेक्टने हे केलं नसतं. घर बांधणारा माणूस कागदावर पहिला उत्तरेचा बाण काढतो. आम्ही कपाटं करणारी माणसं. कपाटाला पुढची बाजू असते आणि मागची बाजू असते, त्याला उत्तर-दक्षिण कुठून असणार? आमच्या कुठल्याच ड्रॉइंगवर बाण नव्हता.

संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांना सांगितलं तर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

‘मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात.’

‘म्हणून तर एवढा वेळ लागला.’

‘मी हे होऊ देणार नाही. आज भिंत फिरवा म्हणतील, उद्या मशीनला नारळ फोडा म्हणतील.’

‘तो फोडला त्यांनी. तुमचं भाषण चालू होतं तेव्हा, मागच्या बाजूला.’

डॉक्टर हसले नाहीत. चहाचा कप बाजूला सारून म्हणाले, ‘माझ्या आजोबांना गावात कुठल्या बाजूने यायचं, कुठल्या बाजूला राहायचं, वारा कुठून वाहतो ते बघून कुठे उभं राहायचं, हे सगळं लोक ठरवायचे. दिशा म्हटलं की माझं डोकं फिरतं, मॅडम. ते तुम्हाला नाही कळणार.’

मला ते कळलं, निदान तोंड बंद ठेवण्याइतकं कळलं. त्यांच्या जागी मी असते तर तेवढंही सौम्य बोलले नसते. मी फक्त म्हटलं, ‘ठीक आहे. पण इंदूबाईंनी स्वतः हे कुठे म्हटलंय? माझा अंदाज आहे. विचारून तर येऊ. नसेल तसं, तर मी उद्या नाशिकला जाते.’

इंदूबाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या. डॉक्टरांना बघून त्या सावरून बसल्या आणि आम्ही काही विचारायच्या आत म्हणाल्या, ‘थंडी वाजस तठे.’

मी सरळ विचारलं, ‘इंदूबाई, पाय दक्षिणेला होतात म्हणून येत नाही ना?’

त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, मनीषाकडे पाहिलं. मनीषा म्हणाली, ‘आई, सांगा आता. खोली जायला निघाली.’

इंदूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, ‘तुम्ही रागे भरशात. माले यम-बिम काय माहीत नही. पन मना मालक गयात तवय त्यासले आठेच, या आंगनमा, असंच ठेयेल व्हतं.’ त्यांनी हाताने अंगणाची एक बाजू दाखवली. ‘मी पायपाशी बठेल व्हतू. चार तास मी मना पाय दखत पडू का, डाक्टर? माले त्यासनाच पाय दखातस.’

घरातून कुणीतरी चहा आणला, तो डॉक्टरांनी न फुंकता प्यायला आणि त्यांची जीभ पोळली. बाहेर पडल्यावर गेटपाशी ते थांबले. ‘भिंत फिरवा,’ म्हणाले. ‘पण कारण विचारलं तर पाण्याचं प्रेशर सांगायचं. दक्षिणेचा द सुद्धा काढायचा नाही.’

मी होकार दिला. आम्ही दवाखान्यात पोचायच्या आत गावाला पाण्याच्या प्रेशरचं खरं कारण कळलेलं होतं.

नगरकर साहेबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, ‘बाई, मी जन्मभर पॅनेल विकली. एकाही पॅनेलने मला पाय कुठे करू असं विचारलं नाही.’ मी म्हटलं, साहेब, खोली अख्खी फिरवायची गरज नाही. सगळे तुकडे एकाच रुंदीचे आहेत. नळांची भिंत आणि समोरची खिडक्यांची भिंत यांची अदलाबदल करायची, जमिनीखालचा पाइप लांबवायचा, आणि पाइपच्या भोकांचे तुकडे तेवढे नव्याने कापायचे. साहेब म्हणाले, ‘म्हणजे आपण जे सगळ्यांना सांगत होतो ते खरं आहे तर.’ एवढी वर्षं ते स्वतःच आपल्या जाहिरातीवर विश्वास ठेवत नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

फाइल मी नाशिकला परतल्याच्या दिवशीच बदलली. लेझर मशीनवर नवे तुकडे कापले गेले आणि आमची पोरं ते टेम्पोत घालून गावी घेऊन गेली. भिंती निघाल्या, भिंती बसल्या. बघायला अर्धं गाव जमलं होतं. एका म्हाताऱ्याने नव्या भिंतीवर टकटक करून ‘पोकळ शे’ असा निकाल दिला. पण या वेळी तो खाटेशी गेला, उशी कुठे आहे ते बघितलं, बाहेरच्या उन्हाकडे बघितलं, आणि मान डोलावून गेला. तो स्वतः पेशंट नव्हता. तो गावाच्या वतीने आला होता.

मला या सगळ्यात खंत वाटते ती एका गोष्टीची. आमची खोली कुठेही चालते याचा मला फार अभिमान होता. जी वस्तू कुठेही चालते ती करताना ती नेमकी कुणाच्या गावात, कुणाच्या अंगणाशेजारी बसणार आहे हे विचारायचं राहूनच जातं. बाण काढायला काय लागतं? एक रेघ आणि एक टोक. आता कारखान्यातल्या प्रत्येक ड्रॉइंगवर तो असतो, इलेक्ट्रिकच्या कपाटांवरसुद्धा. साहेबांचा हुकूम आहे.

खाटा भरल्या की नाही हे वरच्या साहेबांना कळवायचं होतं, म्हणून पहिल्या दिवशी मी तिथेच थांबले. गुरुवार होता. इंदूबाई सकाळी सगळ्यांच्या आधी आल्या, दारात चप्पल काढली, खाटेभोवती एक फेरी मारली आणि आडव्या झाल्या. अहिरे सिस्टरने नळ्या जोडल्या. पाठोपाठ बाकीच्या तीन खाटाही भरल्या आणि मी वरच्या साहेबांना तसं कळवून टाकलं. डॉक्टर काहीतरी निमित्त काढून दोनदा डोकावून गेले. इंदूबाईंनी एकदा पायांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि डोळे मिटले. चार तासांत त्या घोरल्या तेव्हा आमचं मशीनही त्यांच्यापुढे गप्प वाटलं.

मशीन थांबलं, सिस्टरने हाताला पट्टी बांधली. इंदूबाई दचकून उठल्या आणि सवयीने म्हणाल्या, ‘एस्टी गई का?’

मनीषा म्हणाली, ‘आई, घर इथंच शेजारी आहे.’

त्या खाटेच्या कडेला बसून राहिल्या. बाहेर लख्ख दुपार होती. रस्त्यापलीकडे आठवडी बाजार भरला होता, त्याचा कलकलाट आत येत होता. त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे, जणू काही आम्ही त्यांना फसवत होतो.

‘इतला दिन बाकी शे,’ त्या म्हणाल्या. ‘आते काय करू मी?’

सिस्टर हसायला लागली आणि मला डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. डॉक्टरांनी आराम करा असं सांगितलं. इंदूबाईंनी मान हलवली, सुनेचा खांदा धरला आणि घराकडे न वळता रस्ता ओलांडून सरळ बाजारात शिरल्या. आजारपण आल्यापासून गुरुवार नाशिकला जायचा वार होता, त्यामुळे गावचा बाजार त्यांनी बघितलेला नव्हता. पालेभाजी त्यांना डॉक्टरांनी बंद केलेली. तरी त्या पहिल्याच भाजीवालीसमोर बसल्या, कोथिंबिरीची जुडी उचलून हुंगली आणि ही कालची आहे म्हणून भांडायला लागल्या. भाजीवालीने वर पाहिलं आणि ओळखलं.

‘भलता दिनमा दखायनी वं माय. कोठे व्हती?’

‘एस्टीमा,’ इंदूबाई म्हणाल्या, आणि ती जुडी परत ठेवून त्यांनी दुसरी उचलली.